शेवटच्या रांगेपर्यंत शब्द: देवळातील भजन, घुमट आरती आणि जत्रेतील नाटक यांसाठी मिक्सर कसा हाताळावा

गोव्यातील कोणत्याही देवळाच्या सभामंडपात भजन ऐकायला बसलेल्या माणसाला सर्वांत आधी शब्द हवा असतो. पेटी गोड वाजली, पखवाज घुमला, पण अभंगाचा चरण खांबामागे बसलेल्या आजीपर्यंत स्पष्ट पोहोचला नाही, तर ध्वनिव्यवस्था फसली असेच मी मानतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) किंवा जत्रेच्या आदल्या दिवशी गावातील एखाद्या तरुणाच्या ताब्यात मिक्सर, म्हणजे सर्व माइकांचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारे यंत्र, दिला जातो आणि त्याला बटणांची नावे माहीत असली तरी कोणत्या क्रमाने काय करावे हे कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्याच्यासाठी आहे. मिक्सरवरचे प्रत्येक बटण फिरवण्याआधी ‘यामुळे शब्द अधिक कळेल की कमी?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, हे सूत्र पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी आहे.

आधी जागा ऐकावी

सामान उतरवण्यापूर्वी रिकाम्या सभामंडपात मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी आणि तिचा नाद विरायला किती वेळ लागतो ते लक्षपूर्वक ऐकावे. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि उंच छत असलेल्या मंडपात हा नाद बराच वेळ रेंगाळतो. तोच नाद गायकाच्या एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीवर आणून टाकतो आणि दोन्ही शब्द पुसट होतात. माणसे बसल्यावर त्यांचे कपडे आणि शरीरे बराचसा नाद शोषून घेतात. म्हणून रिकाम्या मंडपात जो आवाज गजबजलेला वाटतो, तो रात्री थोडा मोकळा होतो. ही तफावत मनात धरूनच दुपारची जुळवणी करावी.

स्पीकर कुठे ठेवायचे, हा निर्णय मिक्सरवरील कोणत्याही निर्णयापेक्षा महत्त्वाचा आहे. स्पीकरचे तोंड श्रोत्यांच्या कानांकडे असावे. समोरच्या भिंतीकडे किंवा छताकडे नसावे. बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून थोडा खाली झुकलेला स्पीकर सर्वांत चांगले काम करतो. लांबट आणि खांबांच्या मंडपात दोन मोठे स्पीकर जोराने वाजवण्यापेक्षा चार लहान स्पीकर हलक्या आवाजात ठिकठिकाणी ठेवणे मला नेहमीच श्रेयस्कर वाटले आहे, कारण श्रोता स्पीकरच्या जितका जवळ तितका त्याला भिंतींवरून परतणाऱ्या आवाजापेक्षा थेट आवाज जास्त मिळतो. स्पीकर नेहमी माइकांच्या पुढे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला असावेत. गाभाऱ्याकडच्या कोपऱ्यात, गायकांच्या पाठीमागे ठेवलेला स्पीकर दिसायला नीट वाटला तरी तो पहिल्या गजरातच शिट्टी मारू लागतो.

सामानाचा हिशेब

साध्या भजनी मंडळासाठी मुख्य गायकाला एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, तबला-डग्ग्याला दोन आणि मागून साथ देणाऱ्या मंडळींना दोन, असे आठ माइक पुरतात. मिक्सर घेताना त्याच्या नावातील आकड्यावर विसंबू नये. यामाहाच्या एमजी१०एक्सयू या लोकप्रिय मिक्सरच्या नावात दहाचा आकडा असला तरी त्यावर माइक जोडता येतील अशा जागा चारच आहेत, उरलेल्या कीबोर्ड किंवा संगणक यांसारख्या उपकरणांसाठी आहेत. आठ माइक हवे असतील तर तीन पिनांची गोल सॉकेटे मोजून आठ भरतात की नाही, ते दुकानातच पाहावे.

गाण्यासाठी डायनॅमिक प्रकारचा, एका बाजूने ऐकणारा कार्डिऑइड माइक घ्यावा. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक १९६६ पासून जगभर वापरात आहे आणि देवळातील धूप, घाम, पडझड व दमट हवा यांना तो चांगला टिकतो. कंडेन्सर माइक अधिक बारकावे टिपतो, परंतु त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागतो आणि पावसाळी हवेत तो कधीकधी चरचर करू लागतो. हा पुरवठा सुरू किंवा बंद करताना सर्व फेडर (आवाज बाहेर सोडणाऱ्या सरकपट्ट्या) खाली असावेत, नाहीतर स्पीकरमधून मोठा ठोका बसतो.

केबल तीन पिनांची, म्हणजे संतुलित असावी. तिच्यातील दोन तारांवर एकच आवाज परस्परविरुद्ध दिशांनी वाहतो. वाटेत शिरलेला उपद्रवी आवाज मात्र दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि मिक्सर दोहोंतील फरक घेत असल्यामुळे तो उपद्रव आपोआप वजा होतो. मंडपातून दिव्यांच्या वायरी जात असताना तीस मीटर लांबीची माइकची केबल स्वच्छ राहते, ती याच कारणाने.

माइक कुठे धरावा

चुकीच्या जागी ठेवलेल्या माइकची भरपाई मिक्सरवर होत नाही. म्हणून जुळवणीच्या वेळेपैकी निम्मा वेळ व्यासपीठावर, वादकांच्या शेजारी बसून घालवावा.

मुख्य गायकाचा माइक तोंडापासून चार ते सहा बोटांवर, किंचित खालून वर रोखलेला असावा. गायक आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की माइकला सुमारे ६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) अधिक आवाज मिळतो आणि तेवढाच गेन, म्हणजे मिक्सरने आत घेताना केलेली आवाजाची वाढ, कमी करता येतो, म्हणजे शिट्टीचा धोकाही कमी होतो. मात्र कार्डिऑइड माइक फार जवळ आला की आवाजातील खर्ज फुगतो. कार्यक्रमापूर्वी गायकाला अंतराची ही गोष्ट आदराने समजावून सांगावी. वयाने मोठ्या बुवांना ‘माइक जवळ घ्या’ असे व्यासपीठाखालून ओरडून सांगण्यापेक्षा बूम स्टँड (आडव्या दांड्याचा स्टँड) त्यांच्या बैठकीप्रमाणे स्वतः नीट लावून देणे योग्य होय.

पेटीचा आवाज वरच्या फळीतून आणि तिच्या भोकांतून बाहेर येतो. एका माइकचे तोंड भात्यापासून दूर, पट्ट्यांच्या बाजूने, पेटीच्या वर साधारण एक वीत ठेवावे. भात्याजवळ माइक लावला की हवेची फसफस आणि लाकडाचा खडखडाट सुरांपेक्षा मोठा येतो. वादकाचा हात आणि वही माइकला लागणार नाही, हे त्याला एकदा वाजवायला सांगून तपासावे.

पखवाजाच्या दोन तोंडांना दोन माइक द्यावेत. शाईच्या तोंडाला बोलांची धार असते आणि कणीक लावलेल्या तोंडाला खर्ज. दोन्ही माइक कातड्यापासून सुमारे एक वीत अंतरावर, मध्यापेक्षा कडेकडे रोखलेले असावेत. येथे एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट आहे. दोन माइक एकाच वाद्याकडे समोरासमोरून पाहत असल्यामुळे एका बाजूचे कातडे आत जाते त्या क्षणी दुसऱ्या बाजूचे बाहेर येते आणि दोन माइकांचे आवाज काही प्रमाणात एकमेकांना खोडतात. मिक्सरवर पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटण्याचे बटण असल्यास एका चॅनेलवर (मिक्सरवरील एका माइकच्या रांगेवर) ते दाबून पाहावे आणि ज्या स्थितीत पखवाज अधिक भरीव वाटेल ती ठेवावी. कार्यक्रम लांबला की कणीक सुकत जाते व डाव्या तोंडाचा खर्ज बदलतो, म्हणून मध्यंतरानंतर हे चॅनेल पुन्हा एकदा ऐकावे.

झांजेला माइक देऊ नये. तिचा आवाज एवढा तीक्ष्ण आणि दूरगामी असतो की तो गायकाच्या माइकमध्ये न बोलावता शिरतोच. मुख्य गायकाच्या माइकची पाठ झांज वाजवणाऱ्याकडे येईल अशी बैठक सुचवली तर त्याचा फरक कोणत्याही इक्वलायझरपेक्षा (आवाजातील खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या बटणांपेक्षा) अधिक जाणवतो, कारण कार्डिऑइड माइक नेमका पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो.

घुमटाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. तरीही गावोगावच्या घुमट आरत्यांमध्ये त्याला ढोलकीसारखा माइक लावून त्याचे अर्धे सौंदर्य गमावले जाते. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे भांडे असते. त्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणलेले असते आणि मागचे अरुंद तोंड उघडे असते. वादक उजव्या हाताने कातड्यावर वाजवतो आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड उघडझाक करून खर्जाला वळण देतो. म्हणजे या वाद्याचे बोल पुढून निघतात आणि त्याची घुमारी मागून. केवळ कातड्यासमोर माइक ठेवला तर टपटप ऐकू येते, घुमट ऐकू येत नाही. उलट मागच्या उघड्या तोंडाच्या अगदी समोर माइक ठेवला तर प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत त्यावर आदळून भसाडा धक्का बसतो. एकच माइक असेल तर तो वाद्याच्या बाजूला, दीड वितीवर, कातड्याच्या कडेकडे तिरका धरावा, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंचा अंश मिळतो. पाच-सहा घुमट एकत्र वाजत असतील तर प्रत्येकाला माइक देण्याचा मोह टाळून वादकांना अर्धवर्तुळात बसवावे आणि दोन माइक थोडे उंचावरून लावावेत. घुमटाच्या साथीचा समेळ हा ढोल काठ्यांनी वाजतो, तो मुळातच ठळक असतो. कांसाळे, म्हणजे साथीची धातूची झांज, झांजेप्रमाणेच माइकविना पुरते.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आणि आता बकरीचे कातडे वापरले जाते. चवथ ऐन पावसाळ्यात येते, दमट हवेत कातडे सैल पडते व वादक ते शेकून पुन्हा ताणून घेतात. शेकण्यापूर्वी केलेली जुळवणी त्यानंतर खरी राहत नाही, म्हणून घुमटांचा गेन आरती सुरू होण्याच्या अगदी आधी ठरवावा.

गेन, मग गाळणी, मग फेडर

गेन आणि फेडर यांतील भेद ज्याला समजला त्याचे अर्धे काम झाले. माइकमधून येणारा क्षीण प्रवाह मिक्सरच्या आत किती मोठा करून घ्यायचा हे गेन ठरवतो. आत आलेल्या आवाजापैकी किती बाहेर पाठवायचा हे फेडर ठरवतो. गेन कमी ठेवून फेडर वर रेटला की सळसळ वाढते, आणि गेन जास्त ठेवून फेडर खाली ओढला तरी आवाज आतल्या आतच फाटलेला असतो, तो बाहेर हलका करून सुधारत नाही.

प्रत्येक चॅनेलचे पीएफएल बटण (फेडरच्या आधीचा आवाज मीटरवर दाखवणारे) दाबून, फेडर खाली असतानाच, मीटरकडे पाहत गेन वाढवावा. साध्या अॅनालॉग मिक्सरवर नेहमीच्या गाण्याला मीटर शून्याच्या आसपास हलावा आणि लाल दिवा कधीही लागू नये. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डेसिबल आणि उच्चांक उणे १० ते उणे ६ यांच्या दरम्यान राहिला की पुरे. ही तपासणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून करू नये. गायकाला तार सप्तकातली एखादी ओळ पूर्ण जोराने गायला सांगावे आणि मंडळाला शेवटचा गजर करायला सांगावा, कारण मिक्सरची खरी परीक्षा तिथेच होते.

त्यानंतर लो-कट, म्हणजे खालची कंपने अडवणारी गाळणी. ज्या वाद्यात किंवा कंठात खर्ज नाही त्याच्या माइकमध्ये खालचे कंपन घेण्याचे कारण नसते. तेथून येतात ते पावलांचे ठोके, वाऱ्याची भरभर आणि शेजारच्या पखवाजाची गळती. पुरुष गायकासाठी सुमारे १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० कंपने) आणि स्त्री गायिकेसाठी १२० हर्ट्झच्या खालचे सर्व कापावे. पखवाजाचे डावे तोंड, डग्गा आणि घुमट यांना मात्र ही कात्री लावू नये.

इक्वलायझरबाबत माझे मत ठाम आहे: काही हवे असेल तर आधी दुसरे काहीतरी कमी करून पाहावे. गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर उंच स्वर वाढवण्याऐवजी २५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करावेत. शब्द कळत नसतील तर २ ते ४ किलोहर्ट्झकडे लक्ष द्यावे, कारण त, थ, क, प अशा व्यंजनांची ओळख मुख्यत्वे या भागात आणि त्याच्या थोड्या वर दडलेली असते, तर स्वरांचा भार खाली असतो. मात्र याच भागात पेटीही जोरात बोलत असते. म्हणून गायकाला वाढवण्यापूर्वी पेटीच्या चॅनेलवर अडीच किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच शब्द पुढे येतो आणि पेटीचे काहीही हरवल्यासारखे वाटत नाही. मराठीतील ‘चांगला’मधला दंत्य च, ‘माझा’मधला झ आणि साधा स यांची सळसळ ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. ती कानाला टोचू लागली तर तेथे थोडा हात राखावा. पूर्ण कापले तर उच्चार बोबडे होतात.

आता फेडर. आधी फक्त मुख्य गायकाचा फेडर वर न्यावा आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेत जाऊन शब्द कळतो का ते ऐकावे. तो कळला की त्या फेडरला हात न लावता त्याखाली पेटी आणावी, मग पखवाज, मग तबला आणि शेवटी साथीचे आवाज. प्रत्येक नवीन वाद्य आणताना चरण ऐकू येणे किंचितही कमी झाले तर ते वाद्य तेथून थोडे मागे घ्यावे. पुष्कळ जण तालवाद्यापासून सुरुवात करतात आणि गाण्यासाठी शेवटी जागा शोधत बसतात. नृत्याच्या संगीताला ती पद्धत योग्य असेल, अभंगाला नाही.

एका गावच्या सप्ताहात मी मिक्सरवर बसलो असताना मागच्या रांगेतून ‘आवाज येत नाही’ असा निरोप तीनदा आला आणि मी तीनदा मुख्य फेडर वर नेला. चौथ्या निरोपानंतर मी स्वतः मागे जाऊन उभा राहिलो. आवाज भरपूर होता. कळत नव्हते ते शब्द. परत येऊन पेटी आणि साथीचे दोन माइक खाली घेतले, मुख्य फेडरही पूर्वीच्या जागी आणला आणि त्यानंतर निरोप आला नाही. श्रोता ‘आवाज’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा शब्द म्हणायचे असते, हे मी त्या रात्री शिकलो.

शिट्टी आणि मॉनिटर

स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारी मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते, म्हणून जो गात किंवा वाजवत नाही त्याचा माइक बंद असावा. कार्यक्रमापूर्वी मुख्य फेडर हळूहळू वाढवत पहिली शिट्टी कोणत्या सुरात येते ते ओळखावे, ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर ती पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली आणावी आणि असे दोन-तीन सूर सापडले की थांबावे. दहा पट्ट्या कापल्या तर शिट्टीबरोबर गाणेही जाते. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की माइकची दिशा बिघडते आणि शिट्टी लगेच येते, हेही त्याला आधीच सांगून ठेवावे.

गायकासमोरचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कार्डिऑइड माइकच्या थेट पाठीमागे ठेवावा. सुपरकार्डिऑइड माइक मात्र थेट पाठीमागून थोडे ऐकतो आणि सुमारे १२५ अंशांवर सर्वांत बहिरा असतो, म्हणून त्यासाठी मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा. मॉनिटरकडे जाणारा ऑक्स सेंड (चॅनेलचा आवाज वेगळ्या वाटेने पाठवणारे बटण) फेडरच्या आधीचा निवडावा, म्हणजे बाहेरचा फेडर हलवला तरी गायकाच्या कानातला समतोल ढळत नाही; रिव्हर्बकडे (कृत्रिम घुमाऱ्याकडे) जाणारा सेंड मात्र फेडरच्या नंतरचा असावा. मॉनिटरमध्ये गायकाचा स्वतःचा कंठ आणि पेटीचा सूर एवढेच आधी द्यावे. मागितल्याशिवाय पखवाज देऊ नये, तो शेजारी बसलेलाच असतो.

कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन, एकट्या मुख्य गायकावर लावावा: प्रमाण ३ ला १, अॅटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीझ (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि मोठ्या आवाजात ४ ते ५ डेसिबलपेक्षा अधिक दाब नको. रिव्हर्ब सभामंडपात लावूच नये. तो मंडप स्वतःच देतो. उघड्या मैदानात अगदी थोडा चालतो, आणि निवेदक बोलू लागला की तो बंद करण्याची आठवण ठेवावी.

जत्रेतील नाटक

मोकळ्या मांडवात भिंती नसल्यामुळे नाद रेंगाळत नाही, पण आवाज विखुरतो: अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने घटतो. पन्नास मीटर दूर बसलेल्यांसाठी पुढचे स्पीकर जोरात वाजवले तर पहिल्या रांगेतील माणसांना कान झाकावे लागतात. त्याऐवजी वीस मीटरवर आणखी दोन स्पीकर उभे करून त्यांना विलंब द्यावा, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडावा. गोव्यातील संध्याकाळच्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात आणि वीस मीटरला ५८. मागच्या स्पीकरांना ७० मिलिसेकंद विलंब दिला तर रंगमंचाकडचा आवाज कानावर थोडा आधी पडतो, श्रोत्याला संवाद नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो आणि मागचा स्पीकर केवळ स्पष्टता वाढवतो.

नटांसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत तीन माइक आणि वरून टांगलेले दोन, ही जुनी व्यवस्था अजूनही उपयोगी आहे. जमिनीवरच्या माइकखाली जाड कापड किंवा फोमचा तुकडा ठेवावा, नाहीतर प्रत्येक पाऊल संवादापेक्षा मोठे ऐकू येते, आणि त्यांचा लो-कट १५० हर्ट्झपर्यंत चढवावा. संगीत नाटकात पदे असणाऱ्या पात्रांना बिनतारी लॅपेल (कपड्याला अडकवायचे) माइक दिले तर ऑर्गन आणि तबल्याच्या वर पद उचलणे सोपे जाते. मात्र त्यासाठी मिक्सरवर बसणाऱ्याने संहिता समोर ठेवून किमान दोन तालमींना हजर राहिले पाहिजे. कोणते पात्र कोणत्या बाजूने येते आणि पदापूर्वीची ओळ कोणती, याच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या असाव्यात. नट विंगेत गेल्यावर उघडा राहिलेला माइक सबंध गावाला आतले बोलणे ऐकवतो; तो बंद करणे हे आपलेच काम आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सोहळ्यांसाठी राज्य सरकार वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. जत्रा त्या सवलतीच्या दिवसांत बसते की नाही हे समितीने लेखी पाहून घ्यावे. स्पीकर श्रोत्यांकडे झुकलेले आणि वस्तीकडे पाठ केलेले असतील तर मांडवात पुरेसा आवाज ठेवूनही शेजाऱ्यांच्या घरात तो बराच कमी जातो.

ध्वनिमुद्रण

मिक्सरमधून प्रत्येक चॅनेल वेगळा नोंदवता येत असेल तर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर नोंदवावा आणि उच्चांक उणे १२ च्या खाली ठेवावा. २४ बिटमध्ये तळाशी भरपूर जागा असते, वर रेटण्याची गरज नाही. मंडपाच्या मध्यभागी आणखी दोन माइक केवळ नोंदीसाठी उभे करावेत, कारण मुख्य मिक्सरमधून घेतलेल्या नोंदीत झांज, टाळ्या आणि श्रोत्यांनी धरलेली साथ जवळजवळ नसते, आणि त्याविना भजन कोरडे वाटते. घरी मिश्रण करताना या दोन माइकांचे ट्रॅक गायकाच्या माइकशी वेळेने जुळवून घ्यावेत. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी जोराचे माप) वरचे आवाज आपणहून खाली आणते, त्यामुळे लिमिटर (उच्चांक अडवणारे साधन) लावून भजन चेपण्यात काहीच मिळत नाही.

वीज आणि दमट हवा

स्पीकरमधून सतत येणारा ५० हर्ट्झचा घुमका बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येतो: मिक्सर एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या दूरच्या सॉकेटवर असला की दोन अर्थिंगमध्ये प्रवाह फिरतो. सर्व ध्वनिसामान एकाच फेजवरून, एकाच ठिकाणाहून घ्यावे, आणि रोषणाईचा डिमर वेगळ्या फेजवर द्यावा. कीबोर्ड किंवा संगणक डीआय बॉक्समधून (त्यांचा आवाज संतुलित करून देणाऱ्या डब्यातून) जोडावा. घुमका घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो कधीही करू नये. ओल्या अंगणात अनवाणी उभा असलेला गायक धातूचा माइक तोंडाशी धरतो, तेव्हा ती पिन त्याच्या जिवाची राखण करत असते. वीज जेथून घेतली आहे तेथे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे आणि तो तपासणीचे बटण दाबल्यावर खाली पडतो, एवढे स्वतः पाहिल्याशिवाय मिक्सर सुरू करू नये. सुरू करताना अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना तो सर्वांत आधी.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहासारख्या ठिकाणी अखंड चोवीस तास भजन चालते आणि ते श्रावणात, म्हणजे हवेतील ओलावा सर्वाधिक असताना. अशा लांब कार्यक्रमात प्रत्येक प्रकारचा एक जादा माइक आणि दोन जादा केबली हाताशी ठेवाव्यात, चरचर करणारा माइक दुरुस्त करत न बसता बदलावा, आणि मिक्सरवर दर तीन तासांनी माणूस बदलावा, कारण थकलेला कान उंच स्वर कमी ऐकतो व हात नकळत ते वाढवत जातो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. महिन्यातून एकदा संपर्क स्वच्छ करणाऱ्या स्प्रेने सॉकेटे पुसावीत. कार्यक्रम संपल्यावर माइकच्या जाळ्या काढून कोरड्या फडक्याने पुसाव्यात, त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. केबली कोपरावर पीळ देऊन न गुंडाळता एक वेढा सरळ आणि एक उलटा अशा घ्याव्यात, आणि जिच्यात रात्री खरखर आली होती तिला त्याच वेळी लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवावे.